उन्हाळ्यात उकललेलं फ्रिगेट : एका लाकडी मॉडेलचं प्रकरण

मे महिन्यात नागभीड तालुक्यातल्या एका गावी, सुताराच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवलेलं जहाजाचं मॉडेल पोटातून उकललं. कण्याच्या, म्हणजे तळातून लांबीभर जाणाऱ्या मुख्य लाकडाच्या, दोन्ही अंगांना लांब फटी पडल्या. काही ठिकाणी त्यांत दुमडलेलं पोस्टकार्ड जात होतं. शिवाय पोट जिथं वळून वर चढतं तिथं लागून असलेल्या दोन पट्ट्यांपैकी खालची आत गेली आणि वरची जागेवर राहिली, म्हणजे सपाट अंगावर एक पायरी तयार झाली. हे सगळं मधल्या भागात. पुढचा आणि मागचा भाग जसाच्या तसा, बोट फिरवलं तर सांधाही लागू नये इतका साफ.

काम करणारा सुतार तिशीतला, दारं-चौकटी, दिवाण, कपाटं करणारा. काम देणारे त्याच गावचे, नौदलातून निवृत्त होऊन परतलेले गृहस्थ. त्यांना हॉलमध्ये ठेवायला जहाज हवं होतं, आणि तेही विकतच्या डब्यातलं नको, गावातल्या सुताराच्या हातचं हवं. मी सुतारकाम शिकवण्यात नोकरी घालवलेला माणूस, मॉडेलचा नाद जुना, म्हणून मला बोलावणं आलं. बोलावताना सुताराचं निदान पक्कं झालेलं होतं. ‘‘गमानं धोका देला जी सर. सागवानात तेल रायते, गम धरतच नाई.’’

हे निदान चुकीचं असलं तरी अडाणी नव्हतं. सागवानात नैसर्गिक तेल असतं आणि ताज्या रंधलेल्या अंगावर ते वर येऊन गोंदाची पकड कमी करतं, हे खरं. म्हणूनच सागवान चिकटवण्याआधी स्पिरिटनं पुसून घेतात. यानं तेही केलं होतं.

जहाज कोणतं, हे सांगायला हवं, कारण लाकडाचा सगळा वाद तिथूनच सुरू झाला. एच. एम. एस. ट्रिंकोमाली. 12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरलेलं फ्रिगेट, म्हणजे ब्रिटिश नौदलाची शिडाची युद्धनौका, बांधणारे वाडिया घराण्यातले जमशेटजी बोमनजी. इंग्लंडात ओकची टंचाई होती, म्हणून मलबारच्या सागवानात ते मुंबईत बांधलं गेलं. त्याचे नकाशे ज्या ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाले, ते डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी युद्धनौकेशी झालेल्या लढाईत गेलं आणि नकाशांच्या प्रती पुन्हा पाठवाव्या लागल्या. कणा बसवताना पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला होता. जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगत्या अवस्थेत आहे. दोनशे वर्षं टिकलेलं सागवानी जहाज म्हटल्यावर आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातला माणूस दुसरं लाकूड कशाला बघेल? अयोध्येच्या मंदिरासाठी 2023 साली बल्लारपूरहून सागवान गेलं, तो अभिमान इथं अजून ताजा आहे. गृहस्थांची अट एकच होती, सगळं सागवानात.

मॉडेलसाठी सागवान मला मनापासून आवडत नाही. त्याचे रेषे ठळक, छिद्रं उघडी. खऱ्या जहाजाच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या मापात ते रेषे दोरखंडासारखे जाड दिसतात. त्यात सिलिका असल्यानं रंध्याचं पातं पटापट बोथट होतं. आपल्याच जंगलातला हळदू पिवळसर, बारीक पोताचा, धार घेणारा. शिवण हलकी आणि हवेनं फारशी न हलणारी. मापाच्या कामाला ही दोन लाकडं कितीतरी बरी. पण काम देणाऱ्याचा शब्द शेवटचा.

जहाजाचं पोट कसं बनतं, तेही थोडक्यात. बाजारात मिळणाऱ्या संचात बहुतेक वेळा मधोमध एक उभी पाटी असते आणि तिच्या खाचांत प्लायवूडचे आडवे पडदे बसवतात. इथं तसं नव्हतं. इथं कण्यावर एकेक बरगडी स्वतंत्र उभी करायची होती. नकाशात पुढच्या आणि मागच्या छेदांच्या अर्ध्या आकृत्या एकाच चित्रात डाव्या-उजव्या बाजूंना काढलेल्या असतात. त्यावरून प्रत्येक बरगडीचा आकार मिळतो. बरगडी एकाच फळीतून कापत नाहीत. तळाला कण्यावर आडवा तुकडा येतो, मग त्याला जोडून वर वळत जाणारे तुकडे, आणि अशा दोन थरांची जोडी. एका थरातला सांधा दुसऱ्या थरातल्या अख्ख्या लाकडावर येईल असं चिकटवतात. लाकडाचे रेषे वळणाबरोबर वळत जातात, हा या सगळ्या खटाटोपाचा हेतू. बरगड्या उभ्या झाल्या की लवचिक पट्टी टेकवून उंचवटे घासून काढायचे, मग पट्ट्या. पट्टी मध्ये रुंद, टोकांना निमुळती, आणि वळणाच्या ठिकाणी मापून कापलेली. सरळ पट्टी काठावर वाकवून दामटली की ती कधी ना कधी उसळतेच.

यातलं बरंचसं सुतारानं उत्तम केलं होतं. पट्ट्या त्याने भाताच्या पातेल्याच्या वाफेवर धरून वाकवल्या. लाकडी खुंट्या बांबूच्या. बांबूच्या काड्या एका पोलादी पट्टीत पाडलेल्या उतरत्या मापाच्या छिद्रांतून ओढून ओढून त्यानं त्या सुईएवढ्या बारीक केल्या होत्या. बुरडाच्या घरून आणलेल्या बांबूच्या कामट्या, आणि छिद्रांची पट्टी घरचीच. ती एक खुंटी नखानं ओढून पाहिली, निघाली नाही.

गोंदाचा प्रश्न लगेच निकाली निघाला. जी पट्टी बरगडीवरून सुटली होती तिची मागची बाजू भिंगाखाली पाहिली. गोंदाच्या थरावर सागवानाचे रेषे उपटून आलेले, बरगडीच्या अंगावर तेवढेच खड्डे. म्हणजे गोंद सुटला नव्हता, त्याच्या शेजारचं लाकूड फाटलं होतं. गोंदानं पकडून ठेवलं, आणि लाकडाला कुठंतरी जायचंच होतं.

कुठं जायचं होतं, हे आतून पाहिल्यावर कळलं. डेकच्या फळ्या अजून लागल्या नव्हत्या, नुसत्या आडव्या तुळया होत्या, म्हणून पोटात टॉर्च टाकता आला. बहुतेक सगळ्या बरगड्या तुकड्यांच्या, दोन थरांच्या, नियमाप्रमाणे. मधल्या नऊ मात्र एकसंध. इंग्रजी यू अक्षरासारखी अख्खी बरगडी एका फळीतून कापलेली, रेषे उभे, तळापासून वरपर्यंत. त्यांपैकी सहा बरगड्या तळाशी, अगदी कण्याजवळ, चिरलेल्या होत्या.

‘‘ह्या वेगळ्या का?’’

‘‘जुन्या वाड्याच्या दाराची फळी होती जी. साठ वर्षं जुनं सागवान. येवढी रुंद फळी आता भेटते का? तुकडे कायले करू?’’

माझ्या मते या प्रकरणाची मेख इथंच आहे. जुनं लाकूड हलत नाही, हा समज सुतारांत आणि गिऱ्हाइकांत सारखाच घट्ट आहे. जुन्या लाकडाचे अंगचे ताण मोकळे झालेले असतात, ते पिळवटत कमी, हे बरोबर. पण हवेतलं पाणी घेणं आणि सोडणं ते कधी थांबवत नाही. साठ वर्षांची फळी आणि सहा वर्षांची फळी यांत या बाबतीत जवळजवळ फरक नाही.

मग आकडे. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशीच्या पुढे असते तेव्हा उघड्यावरच्या लाकडात वजनाच्या सुमारे 16 टक्के पाणी मुरतं. एप्रिल-मेमध्ये ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हवा पार कोरडी होते आणि टिनाखालचं तेच लाकूड 6 टक्क्यांच्या आसपास येतं. फरक 10 टक्क्यांचा. दर एक टक्का पाणी गेलं की सागवान रेषांना आडवं, वाढीच्या वलयांच्या दिशेनं, साधारण 0.19 टक्के आक्रसतं. वलयांना काटकोनात, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, साधारण 0.10 टक्के, रेषांच्या लांबीत जवळजवळ काहीच नाही. इतर लाकडांच्या मानानं हे कमीच, म्हणून तर सागवानाचं नाव आहे.

खरं जहाज सुमारे 40 फूट रुंद. चौसष्टाव्या मापात ते 190 मिलिमीटर. मधल्या एकसंध बरगडीत रेषे उभे, म्हणजे सगळी रुंदी रेषांना आडवी, आणि फळी अशी कापलेली की रुंदी वलयांच्या दिशेनं. 190 मिलिमीटरचे 1.9 टक्के म्हणजे साडेतीन मिलिमीटर. आषाढात नकाशावर ठेवून तंतोतंत कापलेली बरगडी वैशाखात साडेतीन मिलिमीटर अरुंद व्हायला बघत होती. वर तुळया तिला आत येऊ देत नव्हत्या. बाजूंनी लांब पट्ट्या पुढच्या-मागच्या न हलणाऱ्या बरगड्यांना बांधलेल्या, त्याही तिला अडवत होत्या. मोकळी जागा उरली ती तळाशी, जिथं रेषे आडवे तुटलेले आणि लाकूड सगळ्यात कमजोर. तिथं ती चिरली आणि कण्याच्या दोन्ही अंगांना फट पडली. जिथं चिरली नाही तिथं पोटाच्या वळणावरची पट्टी घेऊन आत गेली. वरच्या जाड पट्ट्याला आत ओढणं तिला झेपलं नाही. म्हणून ती पायरी.

पट्ट्यांचं काय? त्यांच्यावरही आळ होता. पण त्या त्यानं फळीच्या कडेकडून चिरून काढल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक पट्टीची रुंदी नकळत कमी हलणाऱ्या दिशेला आली होती. कण्यापासून वरपर्यंत साधारण 140 मिलिमीटर अंतर, त्याचा एक टक्का म्हणजे दीड मिलिमीटरही नाही, आणि तो अठ्ठावीस सांध्यांत वाटला गेला. प्रत्येकाला केसभर. पुढच्या-मागच्या भागात सांधे हाताला लागत नव्हते, ते त्यामुळेच.

हे सगळं मी सुताराला आकड्यांनी सांगितलं तेव्हा तो मान हलवत होता, पण पटलेलं नव्हतं. पटलं ते त्याच्याच शेडमधल्या अर्धवट दाराकडे बोट दाखवल्यावर. दाराच्या चौकटीत पॅनल बसवताना तो खाचेत गोंद लावत नाही. त्याच्या वडिलांनीही कधी लावला नाही. पॅनल खाचेत मोकळं राहायला हवं, नाहीतर उन्हाळ्यात फाटतं, हे त्याला लहानपणापासून माहीत. आणि बरगड्या त्यानं केल्या त्या दाराच्या पॅनलच्याच फळीतून, चारी बाजूंनी चिकटवून. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘जहाज हाय म्हनून ध्यानातच नाई आलं.’’

कामाचा काळही समजून घेण्यासारखा आहे. पावसाळ्यात घरबांधणी बंद, सुताराच्या हाताला काम कमी, म्हणून असली हौशी कामं आषाढ-श्रावणात निघतात. लग्नसराईत दिवाण आणि कपाटांची गर्दी, तेव्हा मॉडेल कोपऱ्यात पडून राहतं. म्हणजे सर्वांत ओल्या हवेत सांगाडा जुळतो आणि सर्वांत कोरड्या हवेत तो एकटा, टिनाखाली. कोकणातल्या किंवा इंग्लंडातल्या माणसाला हा झटका इतक्या जोरानं बसत नाही.

मध्येच एक भानगड झाली. गृहस्थांनी मॉडेल शेडमधून उचलून आपल्या हॉलमध्ये नेलं. हॉलमध्ये खिडकीला कूलर. आठवडाभरात कूलरकडच्या बाजूची फट निम्म्यावर आली, दुसऱ्या बाजूचीही कमी झाली. घरात आनंद. फोन आला की जहाज आपोआप बरं झालं, आता वरून तांबं चढवून टाका. खऱ्या जहाजांच्या पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे ठोकलेले असत, साधारण चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद. या मापात ते 19 मिलिमीटर बाय साडेपाच. ‘‘वरून तांबं येनारच हाय, मंग फट दिसते कोनाले?’’

माझ्या दृष्टीनं फट मिटणं हा सगळ्यात भक्कम पुरावा होता. सुटलेला गोंद कूलरच्या हवेनं चिकटत नाही. लाकूड पाणी पिऊन फुगतं. खसच्या ताट्यांतून येणारी कूलरची हवा मे महिन्यात हॉलमध्ये पावसाळा आणते, रात्री कूलर बंद झाला की पुन्हा उन्हाळा. एवढ्याशा जाडीच्या लाकडाला रोज असं फुगवणं-सुकवणं म्हणजे खिळा मागेपुढे वाकवून तोडण्याचाच प्रकार. आणि हलत्या पोटावर चिकटवलेला पातळ पत्रा पहिल्याच पावसात सुरकुतला असता. गृहस्थ नाराज झाले, पण मॉडेल मधल्या खोलीत हलवलं. मातीच्या जाड भिंती, कौलारू छप्पर, कूलर नाही. गावात लाकडासाठी याहून चांगली जागा नाही.

पुटी भरून टाकावी, हा सल्लाही गावातून बऱ्याच जणांनी दिला. मे महिन्यात, फट सर्वांत रुंद असताना तीत पुटी किंवा भुसा-गोंद भरला असता, तर श्रावणात फुगणाऱ्या लाकडाला परत यायला जागाच उरली नसती आणि पट्ट्या बाहेर उचलल्या असत्या. उन्हाळ्यात फट भरायची नाही, यावर मी अडून बसलो. पक्कं काम पाऊस ओसरल्यावर.

तोवर सुताराला एक साधं काम दिलं. त्याच दाराच्या फळीचा उरलेला तुकडा रेषांना आडवा कापून 150 मिलिमीटर रुंद पट्टी केली आणि मॉडेलशेजारी ठेवली. दर सोमवारी व्हर्नियरनं मोजायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. मृगानंतर आकडा सरकायला लागला. ऑगस्टअखेर पट्टी 152.4 झाली होती. हा आकडा त्यानं स्वतः मोजला, दोनदा मोजला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. माझ्या सगळ्या टक्केवारीचं काम त्या एका पट्टीनं केलं. आर्द्रता दाखवणारं उपकरण हल्ली स्वस्तात मिळतं, पण ते हवेचं सांगतं. ही पट्टी लाकडाचं सांगते.

दुरुस्ती आश्विनात सुरू झाली. मधल्या भागातल्या तुळया आधी उचलल्या. पांढरा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलनं मऊ पडतो, ते मेडिकलमध्ये मिळतं. कापसानं सांध्यावर ठेवून थोडं थांबलं की पात्यानं जोड सुटतो. मग प्रत्येक एकसंध बरगडीचा तळाचा भाग, एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत, आतून बारीक करवतीनं कापून काढला. उभे बाहू पट्ट्यांना चिकटलेले तसेच ठेवले, त्यांत रेषे उभेच हवे असतात. त्या जागी आडव्या रेषांचा नवा तुकडा, रुंदी नकाशाप्रमाणे, आणि शेजारी वळणाबरोबर जाणारी जोडबरगडी, जी नव्या तुकड्याला आणि जुन्या बाहूला एकत्र धरील. खऱ्या जहाजांतही कमजोर बरगडीला अशीच शेजारी दुसरी लावत. नऊच्या नऊ अशा केल्या. ज्या तीन चिरल्या नव्हत्या त्याही. सुताराला त्या सोडायच्या होत्या. मी ऐकलं नाही.

नवे तुकडे शिवणीचे घेतले. गृहस्थांनी लगेच विचारलं, खऱ्या जहाजात शिवण होती का? सुतारानं हातातलं काम न थांबवता उत्तर दिलं, ‘‘तांब्याखाली हाय काकाजी, दिसते कोनाले?’’

नवे तुकडे बसवताना पोट दोन्ही बाजूंनी किंचित बाहेर ढकलावं लागलं. मधून आधार देऊन, पाचरी हलक्या हातानं ठोकून, दिवसाला थोडं थोडं. कण्यालगतची पट्टी दोन्ही बाजूंनी काढून नवी मापून लावली. पायरीची खालची पट्टी गरम इस्त्रीनं परत बाहेर आणली, तरी डाव्या बाजूला कागदाच्या जाडीएवढी खोली राहिली. प्रकाश तिरपा पडला तर दिसते. ती घासून सपाट करता आली असती, पण वरची जाड पट्टी पातळ झाली असती आणि तिची कड बिघडली असती, म्हणून राहू दिली.

पुढच्या उन्हाळ्यात मॉडेल काचेच्या पेटीत, मधल्या खोलीतच होतं. पेटी हवाबंद नसली तरी आतली हवा सावकाश बदलते, तेवढं पुरतं. मे अखेर कण्यालगतचे दोन्ही सांधे पाहिले. उजवा बंद, डाव्यात टोकदार पेन्सिलची रेघ उमटेल एवढी काळी ओळ, तीही अर्ध्या लांबीत. बरगड्यांत नवी चीर नाही. त्या दिवशी मोजपट्टी पुन्हा 150.1 वर आलेली होती, म्हणजे लाकूड पहिल्या वर्षीइतकंच सुकलं होतं.

तांब्याचे पत्रे त्यानंतरच्या दिवाळीत चढले. डेकच्या फळ्या हळदूच्या कापून तयार आहेत आणि मॉडेलशेजारीच, मध्ये काड्या घालून, रचून ठेवल्या आहेत. गृहस्थांना त्या लवकर लागलेल्या हव्या आहेत. सुताराकडे सध्या चार दिवाण आणि एक देवघर आहे, लग्नं अक्षय्य तृतीयेची.